रंगांची पेटी बुडाली नाही

समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्राचे फारसे अप्रूप नसते. अप्रूप असते ते पाहुण्याला. मालवणच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहण्यासाठी उभे राहतात ते बहुधा बाहेरगावचे लोक. गावची बाई त्या वेळी परसात वाळत घातलेले कपडे गोळा करीत असते. तिला सूर्यास्त दिसत नाही असे नव्हे. तो तिला माजघराच्या भिंतीवर चढत गेलेल्या उन्हात दिसतो, आणि दिवेलागणीची वेळ झाली एवढे त्यावरून कळते.

डेन्मार्कमध्ये स्कागेन नावाचे एक गाव आहे. लिहिताना स्कागेन लिहितात, पण तिथले लोक त्याचा उच्चार ‘स्केन’सारखा काहीतरी करतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या गावात चित्रकारांची एक वसाहतच झाली. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन अशा देशांतले चित्रकार उन्हाळा आला की कॅनव्हास पाठीवर टाकून इथे येत आणि समुद्र, वाळू, होड्या व कोळी रंगवीत. या सगळ्या मेळ्यात अस्सल गावचे असे एकच माणूस होते, आणि ती होती एक बाई. तिने समुद्राकडे बहुतेक पाठच फिरविली आणि आयुष्यभर घरातल्या भिंतीवरचे ऊन रंगविले. तिचे नाव ॲना अँकर.

मी स्कागेनला गेले ती खरे म्हणजे तिच्या बरोबरीच्या पुरुष चित्रकारांची मोठमोठी चित्रे पाहण्यासाठी. वादळात होडी लोटणारे कोळी, चांदण्यातला किनारा, बागेतल्या मेजवान्या. ती सारी पाहिली. परंतु परतताना माझ्याबरोबर आली ती निळ्या खोलीत विणकाम करीत बसलेली एक लहान मुलगी. ही मुलगी कोण आणि तिला रंगविणारी बाई कशी जगली, हे आपल्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

दोन समुद्रांचे टोक

डेन्मार्कचा नकाशा उघडला तर युटलंडचा द्वीपकल्प उत्तरेकडे निमुळता होत गेलेला दिसतो. त्याच्या अगदी शेंड्याला स्कागेन आहे. एका बाजूला स्कागेराक आणि दुसऱ्या बाजूला काटेगाट असे हे दोन समुद्र. गावापुढे ग्रेनन नावाची वाळूची जीभ आहे. तिच्या टोकाशी या दोन समुद्रांच्या लाटा समोरासमोरून येऊन एकमेकींवर आपटताना दिसतात. दोन्ही बाजूंनी पाणी, खाली पांढरी वाळू आणि वर मोकळे आकाश. त्यामुळे उजेड वरून पडतो तसा खालूनही उसळतो. जून महिन्यात तर रात्रीचे दहा वाजून गेले तरी सूर्य मावळायचे नाव घेत नाही, आणि मावळल्यावरही कितीतरी वेळ सारा किनारा निळसर उजेडात तरंगत राहतो. चित्रकार इथे का धावले हे समजायला चित्रकलेचे ज्ञान लागत नाही.

आज गावातली पिवळी घरे आणि पांढऱ्या कडांची लाल कौले पाहून प्रवासी हरखून जातात. पण त्या काळचे स्कागेन गरीब होते. वाळू उडून येई आणि शेत, वाट, घर काही म्हणता काही सोडीत नसे. गावाबाहेर जुन्या चर्चचा नुसता मनोरा उभा आहे. दर रविवारी वाळू उपसून दार मोकळे करावे लागे. लोक थकले आणि १७९५ साली ते चर्च बंद झाले. बंदर नव्हते, ते १९०७ साली झाले. तोवर होड्या उघड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि वादळात जहाज फुटले की गावकऱ्यांनी जिवावर उदार होऊन माणसे वाचवायची. रेल्वे आली ती १८९० साली. त्यापूर्वी पाहुणा यायचा तो घोडागाडीतून, वाळूचा रस्ता तुडवीत.

असा पाहुणा आला की उतरण्याचे ठिकाण ठरलेले असे. एरिक ब्रोन्डुम याचे किराणा मालाचे दुकान होते आणि त्याला लागूनच खानावळ व उतारूंच्या खोल्या. पुढे तेच ‘ब्रोन्डुमचे हॉटेल’ म्हणून प्रसिद्धीस आले. ॲना ही या ब्रोन्डुमची मुलगी.

तिच्या जन्माची एक कथा सांगतात. ऑगस्ट १८५९ मध्ये जगप्रसिद्ध परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन स्कागेनला आला आणि ब्रोन्डुमकडे उतरला. जेवायला उशीर झाला म्हणून स्वारी रागावली. एवढ्या मोठ्या माणसाची सरबराई नीट होत नाही या धास्तीने गर्भार असलेल्या ब्रोन्डुमबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि १८ ऑगस्ट रोजी ॲनाचा जन्म झाला. मुलीच्या अंगी कला आली ती या पाहुण्याच्या पायगुणाने, असे आईला पुढे वाटत असे म्हणतात. पायगुणाचे आपण सोडून देऊ. पण यातली खरी गंमत निराळीच आहे. या प्रवासावर अँडरसनने जे लिहिले त्यात, चित्रकारांनी इकडे यावे, त्यांना इथे विषयांची वाण पडणार नाही, अशा अर्थाचे आमंत्रण आहे. चित्रकार बाहेरून यावा लागेल, असे त्या थोर माणसाने गृहीत धरले होते. त्याच्याच मुक्कामात, त्याच छपराखाली, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर एक चित्रकार जन्माला आला होता हे त्याला कुठून कळणार!

पेटी आणि लग्न

ॲना मोठी होत गेली ती पाहुण्यांच्या गराड्यात. हॉटेलात चित्रकार उतरू लागले होते. त्यांची चित्रे तिथे ओली असतानाच भिंतीला टेकून ठेवलेली असत. मुलीच्या हाताला वळण आहे हे घरच्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी तिला शिकायला कोपनहेगनला पाठविले. वाळूत रुतलेल्या गावच्या एका खानावळवाल्याने १८७५ च्या सुमारास सोळा वर्षांची मुलगी चित्रकला शिकायला राजधानीला धाडावी, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि तिथल्या राजमान्य कला अकादमीचे दार तिला बंद होते, कारण मुलींना प्रवेशच नव्हता. डेन्मार्कच्या अकादमीने स्त्रियांसाठी शाळा काढली ती १८८८ साली. तोवर ॲनाला तिशी गाठायला एकच वर्ष उरले होते. म्हणून ती विल्हेल्म क्यून या चित्रकाराने मुलींसाठी चालविलेल्या खाजगी शाळेत गेली आणि सुमारे तीन वर्षे शिकली. क्यून हा निसर्गदृश्ये रंगविणारा नामवंत चित्रकार. मुलींना शिकवावे एवढा तो उदार होता. परंतु त्याच्या उदारपणाला कुंपण होते. ॲनाचे लग्न ठरल्यावर, आता रंगांची पेटी समुद्रात सोडून दे, असा सल्ला त्याने तिला दिल्याचे सांगतात.

यात दुष्टपणा मुळीच नव्हता. उलट जगाची रीत सांगणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा कळवळा होता. मुलगी शिकते, हौस करते, बक्षिसे मिळविते. मग अक्षता पडतात आणि पेटी माळ्यावर जाते. आपल्याकडे किती घरांत असा एखादा तंबोरा कापडात गुंडाळून ठेवलेला आहे, असा एखादा चित्रांचा गठ्ठा ट्रंकेच्या तळाशी आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. कुणी मोडा म्हणत नाही, फेका म्हणत नाही. फक्त वेळ कुणी देत नाही. स्कागेनला समुद्र दाराशीच होता, तेव्हा पेटी बुडविणे तर फारच सोपे होते.

ॲनाचे लग्न झाले ते तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, १८ ऑगस्ट १८८० रोजी. नवरा मिकाएल अँकर तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, बोर्नहोल्म बेटावरचा. १८७४ साली तो चित्रे काढायला म्हणून स्कागेनला आला आणि तिथलाच झाला. भव्य कॅनव्हास आणि त्यावर धिप्पाड कोळी, ही त्याची खासियत. एक गलबत टोक पार करील की नाही, या काळजीने किनाऱ्यावर जमलेले कोळी त्याने रंगविले. त्या चित्राने त्याचे नाव झाले आणि राजा नववा क्रिश्चन यानेही ते विकत घेतले. गलबत चित्रात कुठेच नाही. आहेत त्या फक्त त्याच्याकडे लागलेल्या नजरा.

असा नावाजलेला नवरा असला म्हणजे बायकोने त्याचे ब्रश धुवावेत, ही रीत. पण मिकाएलने पेटी बुडवायला सांगितले नाही. ज्या वर्षी लग्न झाले त्याच वर्षी, १८८० साली, ॲनाचे चित्र कोपनहेगनच्या शार्लोटेनबोर्ग प्रदर्शनात प्रथम लागले. १८८३ साली या दोघांनी मिळून एक चित्र काढले. त्यात नवरा-बायको दिवसभरात झालेले काम परीक्षण करीत पाहत बसली आहेत. एकाच कॅनव्हासवर दोघांचा हात फिरलेला आहे. संसाराचे याहून चांगले छायाचित्र मला तरी ठाऊक नाही.

त्याच १८८३ च्या ऑगस्टात त्यांना मुलगी झाली. तिचे नाव हेल्गा. पुढच्या वर्षी त्यांनी मार्कवाय या रस्त्यावर घर घेतले. ते हॉटेलपासून, म्हणजे ॲनाच्या माहेरापासून, हाकेच्या अंतरावर आहे. ही गोष्ट चरित्रात किरकोळ म्हणून येते. मला ती फार मोठी वाटते. आई जवळ, बहिणी जवळ, भाऊ देग्न हॉटेल चालवितो आहे. मूल सांभाळायला माणसे आहेत. ज्या बाईला घटकाभर ‘मुलीकडे बघा हं’ असे कुणाला तरी म्हणता येते, तिचा ब्रश सुकत नाही.

पाठमोऱ्या बायका

त्या बागेत १८८४ साली एक मेजवानी झाली. तिच्यावरून पेडर सेव्हरिन क्रोयर या चित्रकाराने एक चित्र रंगवायला घेतले आणि १८८८ साली पुरे केले. ‘हिप हिप हुर्रे’ या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरी आहे. पानांतून झिरपणारे ऊन, टेबलावर बाटल्या, आणि प्याले उंच करून उभे राहिलेले चित्रकार. त्यात ॲनाही आहे. ती बसलेली आहे आणि तिला बिलगून छोटी हेल्गा आहे. हे चित्र पाहून कुणालाही वाटावे, पुरुष चित्रकार आहेत आणि ही त्यांतल्या एकाची बायको.

पण हे चित्र घडत होते त्याच सुमारास ॲना काय करीत होती? १८८३ ते १८८६ या काळात ती एका मोलकरणीचे चित्र रंगवीत होती. स्वयंपाकघर, समोर खिडकी, खिडकीच्या पडद्यातून गाळून आलेला पिवळा उजेड, आणि आपल्याकडे पाठ करून कामात गुंतलेली लाल घागऱ्याची मुलगी. तिचा चेहरा दिसत नाही. चेहरा दिसत नाही म्हणून ती कुणाकडे पाहून हसत नाही, लाजत नाही, आपली कीव करा म्हणत नाही. ती काम करते आहे, आणि आपण हळूच दारात येऊन उभे राहिलो आहोत. त्या लाल रंगावर उजेड असा बसला आहे की स्वयंपाकघराचे देऊळ व्हावे. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग संग्रहात हे चित्र आहे.

बाहेरून आलेल्या चित्रकाराला हे स्वयंपाकघर दिसणेच कठीण. तो पाहुणा, त्याचे पान बाहेरच्या खोलीत वाढले जाणार. ॲनाला आतला रस्ता ठाऊक होता. आंधळी म्हातारी आपल्या खोलीत कशी उन्हाकडे तोंड करून बसते, लार्स गाइहेदे हा वृद्ध कोळी काठी तासताना मान कशी वाकवितो, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. ही माणसे तिला ‘मॉडेल’ म्हणून भेटली नव्हती. ती तिच्या वाड्यातली, शेजारातली होती. पुढे १८९१ साली तिने गावातले मयत रंगविले: घरात ठेवलेली शवपेटी आणि तिच्याभोवती काळ्या कपड्यांत उभी असलेली माणसे. १८९९ साली गावातल्या लेकरांना देवी टोचण्याचा प्रसंग रंगविला. १९०४ साली नाताळच्या मेजवानीसाठी हंसांची पिसे काढीत बसलेली मंडळी रंगविली. मोठ्या घटना म्हणून कुणी याची नोंद करणार नाही. परंतु गावचे आयुष्य असते ते एवढेच, आणि एवढेच थोडे नसते.

आता त्या निळ्या खोलीकडे वळते. ही खोली हॉटेलातली, ॲनाच्या आईची बसायची. १८९१ साली ॲनाने तिथे हेल्गाला खुर्चीवर बसविले आणि हातात क्रोशाचे विणकाम दिले. मुलगी जेमतेम आठ वर्षांची. तिचे लक्ष विणण्यात आहे, आपल्याकडे नाही. खिडकीतून ऊन येते आणि समोरच्या निळ्या भिंतीवर त्याचे चौकोन पडतात. त्यांत कुंडीतल्या झाडांच्या सावल्या थरथरतात. चित्राचे नाव ‘निळ्या खोलीतले ऊन’. नाव देताना मुलीच्या आधी तिने उन्हाचा मान राखला.

हे चित्र मी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले. आकाराने ते अगदी बेताचे आहे, उंची साधारण दोन फूट. शेजारच्या दालनात मिकाएलचे कोळी भिंत व्यापून उभे आहेत. ते पाहिल्यावर माणूस ‘वा!’ म्हणतो आणि पुढे जातो. इथे तो गप्प होतो. कारण भिंतीवरचे ऊन हे घड्याळासारखे असते. घटकाभराने तो चौकोन सरकणार, मुलगी उठणार, विणकाम टोपलीत जाणार. आईने ती घटका धरून ठेवली आहे. पिवळा रंग निळ्याशेजारी ठेवला म्हणजे दोन्ही उजळतात, हे शाळेतही शिकवितात. परंतु सावलीसुद्धा काळी नसते, निळी-जांभळी असते, आणि उन्हालाही वजन असते, हे रोज ती भिंत पाहिल्यावाचून कळत नाही.

दोघी किनाऱ्यावर

कुणी म्हणेल, ही बाई नशीबवान होती, यात विशेष ते काय? नशीब होतेच. ते किती होते, हे समजण्यासाठी तिच्या एका मैत्रिणीची हकिकत सांगितली पाहिजे.

क्रोयरचे १८९३ सालचे एक चित्र आहे. उन्हाळ्यातली संध्याकाळ, स्कागेनचा दक्षिण किनारा, निळे पाणी आणि निळी वाळू एक झालेली. दोन बायका लांब फिकट पोशाखांत हातात हात घालून चालल्या आहेत. डेन्मार्कमध्ये हे चित्र घरोघरी माहीत आहे. त्या दोघींतली एक ॲना आणि दुसरी चित्रकाराची बायको मारी क्रोयर. बघणाऱ्याला दोन सुंदर बायका दिसतात. त्या दोघीही चित्रकार होत्या, हे चित्रावरून कळायला मार्ग नाही.

मारी ही कोपनहेगनची, ॲनाहून आठ वर्षांनी लहान. तीही बुद्धीची, तीही धडपडून शिकलेली. १८८९ च्या सुमारास पॅरिसमध्ये दोघींनीही प्युवी द शाव्हान या थोर फ्रेंच चित्रकाराकडे धडे घेतले. शिक्षक एक, काळ एक, आणि पुढे गावही एकच. त्याच १८८९ साली मारीचे लग्न क्रोयरशी झाले. तो मिकाएलपेक्षाही मोठ्या नावाचा. मारी त्याच्या चित्रांत वारंवार येऊ लागली: बागेत मारी, किनाऱ्यावर मारी, कुत्र्याबरोबर मारी. जसजशी ती त्याच्या चित्रांत दिसू लागली तसतशी तिची स्वतःची चित्रे कमी होत गेली. नवऱ्याच्या तोलाचे आपल्या हातून होणार नाही, ही भावना तिच्या मनात बळावत गेल्याचे चरित्रकार सांगतात. घराची सजावट, खुर्च्या-कपाटांचे आराखडे यांत तिने आपली दृष्टी वापरली आणि त्यात ती उत्तम होती. पुढे क्रोयर मानसिक आजाराने खचला, १९०५ साली ते लग्न मोडले, आणि १९०९ साली तो वारला. स्वीडिश संगीतकार ह्यूगो आल्फवेन याच्याशी मारीने केलेला दुसरा संसारही शेवटी मोडला. १९४० साली ती गेली. तिची स्वतःची चित्रे लोकांनी नीट पाहिली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी.

मारीच्या नवऱ्याने तिची पेटी समुद्रात फेकली असे कुणी म्हणत नाही. तशी ती फेकावीही लागत नाही. ॲनाचे माहेर हाकेवर होते; मारी परगावची, आणि दर वर्षी उन्हाळ्यापुरती येणारी. ॲनाला रंगवायला तिची स्वतःची माणसे, स्वतःची भिंत होती. मारीला जे दिसे ते नवरा आधीच रंगवून मोकळा झालेला असे. आणि आणखी एक गोष्ट. ॲनाने नवऱ्याशी स्पर्धाच केली नाही. तो बाहेर, ती आत. तो वादळ, ती ऊन. ही वाटणी समजूतदार होती असे मला वाटते; मात्र ती तिला आयती मिळाली नाही. ‘आत’ रंगविण्यासारखे काही आहे, हे आधी तिला स्वतःला पटावे लागले. त्या काळच्या जाणत्या लोकांना ते पटलेले नव्हते.

रिकाम्या खोल्या

ॲना घरात रमली, म्हणून तिच्या मनात कधी वादळ उठलेच नाही असे समजू नये. तिची आई कमालीची धर्मनिष्ठ होती. गावात त्या वेळी धर्मजागृतीची कडक लाट आली होती. १९०३ साली ॲनाने उघड्या माळावर चाललेले एक प्रवचन रंगविले आहे. त्याच्या आदल्या वर्षीचे ‘शोक’ नावाचे चित्र तर तिच्या इतर चित्रांशी मुळीच जुळत नाही. उघड्या माळावर एक क्रूस, त्याच्या एका बाजूला गुडघ्यांवर वाकलेली एक विवस्त्र तरुणी आणि दुसऱ्या बाजूला काळ्या कपड्यांतली म्हातारी. हे दृश्य तिला स्वप्नात दिसले होते म्हणतात, आणि म्हातारीच्या जागी तिची आई आहे. श्रद्धा आईकडे राहिली आणि मुलगी उघडी पडली, असा त्याचा अर्थ कुणी लावतात. मी अर्थ लावीत बसत नाही. एवढेच म्हणते की, ऊन रंगविणाऱ्या बाईला अंधार ठाऊक होता.

त्याच आईला तिने म्हातारपणी पुन्हा पुन्हा रंगविले. १९१६ साली आई गेली. त्या सुमाराच्या ॲनाच्या कितीतरी चित्रांत माणूसच नाही. हॉटेलच्या जोडघरातली खोली. खुर्ची, दार, भिंत आणि भिंतीवर ऊन. मार्कवायचे घर १९१३ साली वाढवून तिथे मोठा स्टुडिओ बांधला. त्या स्टुडिओतल्या संध्याकाळच्या उन्हाचे तिचे एक चित्र आहे. त्यात भिंतीवरच्या तांबूस-पिवळ्या चौकोनांखेरीज जवळजवळ काही नाही. पुढे ज्याला लोक अमूर्त चित्रकला म्हणू लागले, त्याच्या उंबरठ्यावर ही खानावळवाल्याची मुलगी कसलाही गाजावाजा न करता येऊन उभी राहिली होती. माणसे निघून गेली तरी ऊन खोलीत येतच राहते, हे तिने पाहिले आणि जसे पाहिले तसे मांडले.

मानसन्मान तिला मिळाले. १९१३ साली कला व विज्ञानातील कर्तृत्वाबद्दल दिले जाणारे ‘इंजेनियो एट आर्टी’ हे राजपदक मिळाले. १९२४ साली कर्तबगार स्त्रियांसाठी असलेली टाजेआ ब्रांट प्रवासवृत्ती मिळाली. स्कागेनचे संग्रहालय १९०८ साली हॉटेलच्याच भोजनगृहात स्थापन झाले. संस्थापकांत तिचा नवरा होता, तिचा भाऊ होता. त्याची आजची इमारत १९२८ साली उघडली. ज्या भोजनगृहात चित्रकारांनी एकमेकांची तोंडे रंगवून भिंतीत बसविली होती, ते सबंध दालनच १९४६ साली उचलून संग्रहालयात आणले आहे. १९९८ साली निघालेल्या डेन्मार्कच्या १००० क्रोनरच्या नोटेवर ॲना आणि मिकाएल ही दोघे होती. नवरा-बायको जोडीने नोटेवर यावीत, असे भाग्य किती चित्रकारांच्या वाट्याला येते?

मिकाएल १९२७ साली वारला आणि ॲना १५ एप्रिल १९३५ रोजी, आपल्या जन्मगावीच. मुलगी हेल्गा, निळ्या खोलीत विणीत बसलेली ती चिमुरडी, स्वतः चित्रकार झाली. आईबापांच्या घरातले काही तिने मोडू दिले नाही. १९६४ साली जाताना घर आणि त्यातले सर्वस्व तिने एका न्यासाच्या हवाली केले, आणि १९६७ साली ते लोकांसाठी खुले झाले. भिंती चित्रांनी दाटल्या आहेत आणि खोल्या अजून राहत्या वाटतात. हेल्गामागे आईची असंख्य छोटी तैलरेखाटनेही निघाली: कुठे नुसता दरवाजा, कुठे उन्हाचा एक पट्टा, कुठे खिडकीचा तुकडा. कुणाला दाखविण्यासाठी ती नव्हती. ती रियाज म्हणून होती. २०२० साली कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात तिचे मोठे प्रदर्शन भरले. आज जाणकारांच्या मते त्या वसाहतीत रंगांची सर्वांत धीट जाण कुणाची, असे विचाराल तर पुष्कळांच्या तोंडी तिचेच नाव येते.

त्या घरातून बाहेर पडताना माझ्या मनात आले ते हे की, ॲनाने घर सोडून बंड केले नाही, आणि घरात राहून हारही मानली नाही. तिला माहेराने हात दिला, नवऱ्याने वाट अडविली नाही, आणि बाकीचे तिने स्वतः केले. यांतले एक जरी कमी पडले असते तर? आपल्या घरात एखादी मुलगी चित्र काढीत असेल, गात असेल, लिहीत असेल. ती प्रतिभावान आहे की नाही, हे ठरविणे आपल्या हाती नाही. तिच्या लेकराला दोन तास सांभाळणे मात्र आपल्या हाती आहे. या दिवाळीत फराळाच्या गडबडीत तिला स्वयंपाकघरातून कुणी तरी घटकाभर मोकळी करावी आणि दार ओढून घ्यावे. भिंतीवर ऊन आलेच असेल. पुढचे ती पाहून घेईल.